बीगल, ससे आणि आमची टोळी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात माझा नारंगी टोपीतला फोटो नातेवाईकांपर्यंत पोचला की तेच तेच प्रश्न येतात. मावशी विचारते, ऑफिसातला गुजराती मित्र विचारतो, पुण्याचा भाचा विचारतो, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन देऊन तोंड दुखायला लागलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही.

तुम्ही नक्की करता काय?

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, जत बाजूचा. १७ वर्षं झाली अमेरिकेत, पेनसिल्वेनिया राज्यात राहतोय. थंडीत महिन्यातून दोन-तीनदा आम्ही चार-पाच जण आणि पाच-सहा बीगल कुत्री मिळून रानात जातो. कुत्री सशाचा वास काढतात, काटेरी झुडपांच्या जाळीतून उठवतात, त्याच्या मागे भुंकत फिरतात, आणि ससा फिरून परत आला की ज्याच्या समोर येईल तो बंदुकीचा बार टाकतो. एवढंच. वाघबिघ काही नाही. आपल्याकडे म्हणतात ना सशाच्या शिकारीला निघालास तरी वाघाची तयारी ठेव, तर इथे वाघाच्या तयारीने आलेला माणूस पहिल्या तासात घामाघूम होऊन गाडीत जाऊन बसतो, कारण चार थर कपडे घालून काट्यात चालायचं असतं.

शिकार? भारतात तर बंदी आहे ना?

आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, ससासुद्धा त्यात येतो, आणि "गावाकडं सगळे मारतात" हे कोर्टात चालत नाही. जाळं लावून, फास लावून, कुत्री सोडून, कसाही मारला तरी गुन्हाच. हे वाचून कोणी गावी जाऊन प्रयोग करायला निघाला असेल तर त्याने कृपया इथेच वाचणं थांबवावं.

मग तिथे कसं चालतं?

इथे ससा म्हणजे ईस्टर्न कॉटनटेल, मागे कापसाच्या बोंडासारखं पांढरं शेपूट असलेला. तो भरपूर आहे. मादी वर्षात तीन-चार वेळा वितात, एका वेळी चार-पाच पिल्लं, आणि शिकारी असो नसो, यातले बहुतेक ससे वर्षभर जगतच नाहीत. घार, घुबड, कोल्हा, रानमांजर, थंडी, गाड्या, यादी मोठी आहे. त्यामुळे ठराविक दिवसांत ठराविक आकडा मारायची परवानगी राज्य देतं. पेनसिल्वेनियात एका माणसाला दिवसाला ४ ससे. सीझन ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होतो, मध्ये हरणांच्या शिकारीसाठी थांबतो, आणि मग पुन्हा फेब्रुवारीअखेरपर्यंत. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, तेवढ्या बघून घ्यायच्या.

लायसन्स इथे राहणाऱ्याला साधारण २१ डॉलरला पडतं, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला आधी सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. मी केला तेव्हा वर्गात मी आणि बारा वर्षांची पंधरा पोरं. परीक्षेत एका पोरीला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले आणि तिने ते मला दोनदा सांगितलं.

जागेचा प्रश्न पण येतो नेहमी. इथे स्टेट गेम लँड्स म्हणून सरकारी रानं आहेत, तीनशेच्या वर तुकडे, मिळून जवळपास १५ लाख एकर. प्रत्येकाला नाव नाही, नंबर आहे. यातली बरीच जमीन शिकाऱ्यांच्याच पैशातून घेतलेली आहे. शिवाय बंदुका-काडतुसांवर केंद्राचा वेगळा कर आहे, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, तो पैसा १९३७ च्या कायद्याने राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी जातो. हे मला सुरवातीला खोटं वाटलं होतं, म्हणजे शिकाऱ्याकडून पैसे घेऊन रान राखायचं, पण तसंच चालतं.

एच-वन-बी वर असताना बंदूक हातात घेता येते का?

हा प्रश्न हमखास येतो आणि नीट वाचा. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे लायसन्स आधी, बंदुकीला हात नंतर, आणि लायसन्स संपलं की अपवाद पण संपला. "मित्राची बंदूक जरा धरून बघतो" हे सुद्धा गृहीत धरू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मी वकील नाही, तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, दोनशे डॉलर गेले तरी चालतील, व्हिसा गेला तर नाही चालणार.

मी स्वतः पहिली तीन वर्षं बंदूक घेतलीच नाही. नुसता कुत्र्यांच्या मागे काठी घेऊन जाळ्या झोडपायचो. हाकारा म्हणा ना. आणि खरं सांगू, तीच तीन वर्षं सगळ्यात जास्त शिकलो.

कुत्रं बीगलच का? आपला कारवानी का नाही?

आता आलात मुद्द्यावर.

आमच्या भागात कारवानी आणि पश्मी ही देशी शिकारी कुत्री घरोघरी. माझ्या चुलत आजोबांकडे दोन कारवानी होते, कायद्याच्या आधीच्या काळातली गोष्ट. ज्वारी काढल्यावर मोकळ्या रानात ससा उठला की कारवानी नजरेने पळतो, नाकाने नाही. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, अख्खं शरीर पळण्यासाठी घडवलेलं. शेजारचा मुधोळ पण त्याच जातकुळीतला, तोच तो जो पुढे आर्मीने ट्रेनिंगला घेतला आणि ज्याचं २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालं. आपल्याकडचा ससा पण तसाच, मोकळ्यावरचा, लांब टांगांचा, सरळ रेषेत पळणारा. इंग्रज त्याला हेअर म्हणतात, रॅबिट नाही. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात.

कॉटनटेल तसा नाही. त्याची पिल्लं उघडी, आंधळी, गवताने झाकलेल्या खळगीत. मोठा झाला तरी त्याचं सगळं आयुष्य चार-पाच एकरांच्या आसपास. त्याला पळून लांब जायचंच नसतं, आपली जाळी सोडली की तो मेला हे त्याला माहीत असतं. म्हणून मागे कुत्री लागली की तो गोल फिरतो आणि जिथून उठला तिथेच कुठेतरी परत येतो. अशा ठिकाणी कारवानी सोडला तर पहिल्या जाळीत अडकेल आणि रक्तबंबाळ होऊन निघेल, दिसणार तर काहीच नाही. इथे पाहिजे बुटकं, जाड कातड्याचं, काट्यात घुसणारं आणि नाक न सोडणारं कुत्रं. बीगलची उंची इथे दोन मापांत मोजतात, १३ इंचांच्या आतला आणि १३ ते १५ मधला. आमची सगळी १३ वाली, जाळीखालून बोगद्यासारखी जातात.

तुम्ही बीगल पाहिलाय बरं का. न्यूअर्क किंवा जेएफके विमानतळावर बॅगांच्या पट्ट्यापाशी हिरवं जॅकेट घातलेलं जे गोंडस कुत्रं तुमच्या आईच्या बॅगेजवळ येऊन शांत बसलं आणि त्यातून कढीपत्ता आणि दोन हापूस निघाले, तोच हा. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर हे काम त्यांना पहिल्यांदा दिलं. नाक एकच, तिथे आंबा इथे ससा.

तुमच्याकडे किती कुत्री आहेत?

माझी दोन. ठमी आणि भोंगा. बाकीची चार शेजारच्या आजोबांची. आजोबा म्हणजे खरे आजोबा नाहीत, ऐंशीला आलेले इथलेच शेतकरी आहेत, पण मी आजोबा म्हणतो आणि त्यांना आता त्याचा अर्थ पण माहीत आहे. आमच्या टोळीत ते, त्यांचा ट्रक चालवणारा जावई, एक शाळामास्तर, मी, आणि कधीकधी माझा एक तेलुगू मित्र जो बंदूक आणत नाही, फक्त बिर्याणी आणतो. त्याला कधीच नाही म्हणत नाही कोणी.

भोंगाचं नाव भोंगा का ते तो पहिल्यांदा ओरडला तेव्हाच ठरलं. एक लांबलचक सूर, मैलभर ऐकू जाईल असा. ठमीचा आवाज तुटक, खड्-खड्-खड् असा, कुऱ्हाडीचे घाव पडल्यासारखा. आवाजावरून सगळं कळतं. ठमी एकटी तुटक बोलतेय म्हणजे वास आहे पण जुना आहे. भोंग्याने सूर धरला की ससा उठला. सगळे एकदम आणि घाईत ओरडायला लागले म्हणजे त्यांना तो दिसला. आणि सगळे एकदम गप्प झाले म्हणजे माग तुटला. याला ही मंडळी चेक म्हणतात.

माग तुटला की काय करायचं?

काही नाही.

खरंच, काही नाही करायचं. नाक त्यांचं आहे, आपण खुपसायचं नाही. हे मला आजोबांनी नाही सांगितलं, एका सशाने सांगितलं.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट, जानेवारीत. ओहोळाच्या काठाला कुत्र्यांचा माग तुटला. ती आपली गोल गोल फिरतायत, नाकं जमिनीला, शेपट्या हलतायत, आवाज नाही. ठमी एका पडलेल्या ओंडक्यापाशी घुटमळत होती. आणि मला डावीकडे कुंपणापाशी ससा जाताना दिसला, पांढरं शेपूट स्पष्ट. मी लागलो बोंबलायला, इकडे या इकडे या, टाळ्या काय, शिट्ट्या काय. कुत्र्यांनी मान वर केली, आली बिचारी, कुंपणापाशी हुंगलं, थोडं इकडे तिकडे केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. आजोबा लांब उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, खिशातून सँडविच काढलं आणि सावकाश खाल्लं.

मग त्यांनी मला त्या ओंडक्यापाशी नेलं. आदल्या रात्रीचा बर्फ होता त्यामुळे सगळं लिहिल्यासारखं दिसत होतं. ससा ओहोळापर्यंत आला होता, तिथून आपल्याच पावलांवरून बारा-पंधरा उड्या मागे गेला होता, आणि मग एक लांब उडी बाजूला, थेट ओंडक्याखाली. ठमी ज्या जागेवर नाक घालून उभी होती बरोब्बर तिथे. ओंडक्याखालून दुसऱ्या बाजूने बाहेर गेलेली ताजी पावलं पण होती, म्हणजे मी टाळ्या वाजवत होतो तेव्हा तो आरामात निघून गेला. कुंपणापाशी मी पाहिला तो दुसराच ससा.

तेव्हापासून चेक झाला की मी हात खिशात घालतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, लागतील तेवढी.

बार कधी टाकायचा?

सगळ्यात आधी, ससा जाळीतून पहिल्यांदा उठतो तेव्हा टाकायचा नाही. टाकू शकता, कायद्याने काही नाही, पण आमच्या टोळीत त्याला मान नाही. कुत्र्यांना फेरा द्यायचा असतो. ससा उठला की जिथून उठला त्याच्या आसपास जरा उंचवटा किंवा झाडाचं खोड बघून उभं राहायचं, आणि मग हलायचं नाही. नवीन माणूस इथेच चुकतो, तो कुत्र्यांच्या आवाजामागे पळतो, आणि ससा त्याच्या पाठीमागून निवांत जातो.

ससा कुत्र्यांच्या बराच पुढे असतो, कधी पन्नास पावलं, कधी शंभरच्या वर. मला आधी वाटायचं तो जीव घेऊन पळत असणार, ससेहोलपट शब्दच आपण त्याच्यावरून केलाय. पण बीगल हळू असतात आणि त्याला ते कळतं. एकदा मी ओकच्या खोडाला टेकून उभा होतो, भोंग्याचा सूर टेकडीच्या पलीकडून येत होता, आणि ससा माझ्यापासून वीसेक पावलांवर दोन उड्या मारून आला, थांबला, कान मागे फिरवून ऐकलं, आणि चक्क पुढचे पाय चाटून तोंड पुसायला लागला. एका कानाला जुनी चीर होती. नाकावर बर्फाचा कण होता तो पण दिसला मला. मी बंदूक उचललीच नाही. का ते विचारू नका, मास्तर अजून विचारतो.

सुरक्षेचं मात्र हसण्यावारी नाही. ससा जमिनीवर असतो आणि कुत्रं पण जमिनीवर असतं, म्हणजे बार नेहमी खालीच जाणार. प्रत्येक कुत्रं कुठे आहे, प्रत्येक माणूस कुठे आहे हे माहीत नसेल तर बोट चापावर जाताच कामा नये. कुत्रं आणि ससा एका नजरेत दिसले तर बार नाही, विषय संपला. हललेल्या झुडपावर बार नाही. आमच्या टोळीत एक पाहुणा आला होता, त्याने हललेल्या गवतावर टाकला, छर्रे आजोबांच्या कुत्रीच्या हातभर पुढे जमिनीत गेले. कुत्रीला काही झालं नाही. त्या माणसाला गाडीपर्यंत पोचवून आलो आणि परत बोलावलं नाही.

नारंगी कपडे का?

कायदा आहे. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच चमकता नारंगी रंग, चारी बाजूंनी दिसेल असा. लोकांना ससा बिचकेल असं वाटतं, त्याचा काही संबंध नाही, तुम्ही हलला नाहीत तर तो तुमच्या बुटावरून जाईल.

शिवाय राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदूक चालवायची नाही, भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही, आणि बंदुकीत तीनच काडतुसं.

कुठली बंदूक?

माझी ट्वेंटी गेज (बारा बोअरपेक्षा बारीक), दोन नळ्यांची. आपल्याकडे बारा बोअर म्हणतात ती इथे बरेच जण वापरतात, पण सशाला ती जरा जास्तच होते आणि दिवसभर उचलून खांदा भरून येतो. छर्रे ६ नंबर. यापलीकडे बंदुकांवर तासन् तास बोलणारे लोक आहेत, मी त्यातला नाही.

रविवारी जाता का?

हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. पेनसिल्वेनियात शंभराहून जास्त वर्षं, मोजकी सूट सोडली तर, रविवारी शिकार बंद होती. मग उरला शनिवार. आणि आमच्या आईच्या मते शनिवार मारुतीचा. तिने फोनवर विचारलं, अरे मग तू जातोस तरी कधी? मी म्हटलं रजा टाकून. २०१९ च्या कायद्याने तीन रविवार मोकळे झाले आणि २०२५ मध्ये ती बंदीच उठवली, त्यामुळे आता मारुती पण खूश आणि मॅनेजर पण. नवरात्रात मी जात नाही, सीझन उघडतो तेव्हा बहुतेक दसरा-दिवाळी चालू असते, त्यामुळे माझी सुरवात दिवाळीनंतरच. ऑक्टोबरात तसंही गरम असतं, पानं झडलेली नसतात, आणि सशांच्या कातडीखाली एका माशीच्या अळ्या असतात, त्या पाहिल्या की जेवण जात नाही. कडक थंडी पडून गेली की बरं.

चांगला दिवस कुठला?

गार, ओलसर, वारा कमी. रात्री दव गोठलंय आणि सकाळी नऊच्या सुमारास वितळतंय, असा दिवस मिळाला तर ऑफिसला आजारी पडा. कोरडी गोठलेली जमीन असेल किंवा भुसभुशीत कोरडा नवा बर्फ असेल तर वास टिकत नाही, कुत्री नुसती वैतागतात. जोरदार वाऱ्यात घरी बसून मिसळ करा.

पिल्लू कसं तयार करायचं?

घाई करू नका. चार-सहा महिन्यांचं झालं की रानात फिरवायला न्या, वास घेऊ द्या, पडू द्या, ओल्या गवतात शिरू द्या. जाणत्या कुत्र्याबरोबर सोडलं की ते बघून बघून शिकतं, आपण शिकवायचं फारसं काही नसतंच.

दोन गोष्टी मात्र आपल्या हातात असतात. एक म्हणजे आवाजाची भीती. बंदुकीला बिथरलेलं कुत्रं सहसा परत ताळ्यावर येत नाही. म्हणून पिल्लू जेवत असताना आधी लांबून थाळी वाजवायची, मग हळूहळू जवळून, आणि खरा बार पहिल्यांदा ऐकवायचा तो ते सशाच्या मागावर रंगलेलं असताना आणि लांबूनच. चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांत पिल्लाला बाहेर बांधू नका, दिवाळीत तर नाहीच. दुसरी गोष्ट हरणं. हरणाच्या मागे लागलेलं बीगल पार दुसऱ्या तालुक्यात जातं. भोंगा एकदा गेला होता, साडेचार तासांनी एका आमिश शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडला, दूध पिऊन झोपलेला. त्यानंतर जीपीएसचा पट्टा घेतला. महाग आहे, पण त्या साडेचार तासांपेक्षा स्वस्त.

आणि हो, ऐन शिकारीच्या वेळी कुत्रं हागायला बसतं ही म्हण ज्याने केली त्याने नक्की बीगल पाळला असणार. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं त्यासाठीच ठेवायची.

काटे, गोचीड वगैरे?

भरपूर. इथे मल्टिफ्लोरा म्हणून एक रानगुलाब आहे, सरकारनेच पूर्वी शेतांना जिवंत कुंपण म्हणून लावायला सांगितला, आणि आता तोच तण म्हणून जाहीर झालाय. आपली बोराटी परवडली. ससे त्याच्याच जाळीत असतात. मांड्यांवर जाड कापड लावलेली पँट मिळते ती घ्या, जीन्स एका सकाळीत फाटते. कुत्र्यांच्या शेपटीचं टोक काट्यांवर आपटून आपटून सोलवटतं, परतताना सगळ्यांच्या पांढऱ्या शेपट्या लाल असतात, नवीन माणूस घाबरतो पण ते दोन दिवसांत भरतं. डोळे आणि कानांच्या आतली बाजू मात्र बघायचीच.

गोचीड हा इथला खरा वाघ. लाइम रोगाच्या केसेस देशात सर्वात जास्त जिथे होतात त्या राज्यांत पेनसिल्वेनिया आहे. तीळाएवढी असते, थंडी जरा कमी झाली की जानेवारीत पण चिकटते. घरी आलं की कुत्र्यांना आणि स्वतःला, काखेत, गुडघ्यामागे, कानामागे, नीट तपासायचं. मला २०१९ ला झाला होता. गोळ्या घेऊन बरा झालो, पण महिनाभर गुडघे आजोबांपेक्षा म्हातारे.

मांस खाता का? लागतं कसं?

खातो. खायचं नसेल तर मारायचं कशाला.

साफ करताना हातमोजे घालायचेच. सशांपासून माणसाला ट्युलरेमिया नावाचा ताप येऊ शकतो. ससा उठतच नाहीये, सुस्त आहे, पाय लावला तरी हलत नाही, असा असेल तर त्याला हात लावायचा नाही. कापल्यावर कलेजीवर (यकृतावर) पांढरे ठिपके दिसले तर तो टाकून द्यायचा, आणि कुत्र्याला पण द्यायचा नाही. नीट शिजवलं की भीती नाही.

एक ससा कातडं-आतडं काढल्यावर जेमतेम अर्धा-पाऊण किलो भरतो, चरबी जवळजवळ शून्य. मी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो, सकाळी पुसून हळद, आलं-लसूण लावून ठेवतो. एकेक तुकडा बोटांनी चाचपायचा, छर्रे कुठे राहिलेत का ते बघायला, नाहीतर डेंटिस्टचं बिल. मग आपलं नेहमीचं, कांदा-सुकं खोबरं भाजून वाटण, दगडफूल, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला, कुकरला मंद आचेवर चार-पाच शिट्ट्या. जून ससा असेल तर आणखी दोन. चव कोंबडी आणि मटणाच्या मधली, थोडी गवताकडे झुकणारी. आजोबा आधी नुसतं पिठात घोळवून तळायचे. आता दरवर्षी विचारतात, ते लाल केव्हा करणार.

हे सगळं गॅरेजमध्ये, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कुकरमध्ये. बायको शाकाहारी आहे आणि तिने एकच अट घातली होती, माझ्या ओट्यावर नाही. बारा वर्षं पाळतोय.

पाप वाटत नाही का?

वाटतं कधी कधी. पहिला ससा उचलला तेव्हा तो गरम होता आणि इतका हलका होता की मला कळेचना हात कुठे धरायचा. घरी येऊन आंघोळ केली आणि रात्री जेवलो नाही. आता जेवतो. पण जो दुकानातली कोंबडी खाऊन मला हा प्रश्न विचारतो त्याच्याशी मी वाद घालत नाही, आणि जो काहीच मारलेलं खात नाही त्याच्याशी पण नाही, तो बरोबर असेल. जखमी झालेला ससा शोधल्याशिवाय आम्ही हलत नाही, अंधार झाला तरी, टॉर्च लावून. ठमी तेवढ्यासाठीच आहे, ती सोडत नाही.

कुत्रं म्हातारं झालं की?

आजोबांची सर्वात जुनी कुत्री तेरा वर्षांची आहे, ऐकू येत नाही, मागचे पाय धड चालत नाहीत. तिला ते ट्रकच्या पुढच्या सीटवर गोधडीत घालून आणतात. बाकीची सुटली की ती काचेला नाक लावून बसते आणि काचेवर वाफ जमते. दुपारी एकदा तिला उतरवून जवळच्या जाळीपाशी ठेवतात. मागच्या फेब्रुवारीत तिने तिथे एक ससा उठवला, दहा पावलं भुंकत गेली आणि बसली. आम्ही चौघांनी बंदुका मधून उघडून खांद्यावर ठेवल्या होत्या, ससा आमच्या मधून गेला.

मला यायचंय, येऊ का?

या. जानेवारीत या, रजा टाकून. पहिल्या दिवशी बंदूक मिळणार नाही, काठी मिळेल. नारंगी टोपी माझ्याकडे जादा आहे, पायात गमबूट नको, चामड्याचे उंच बूट घाला, मोजे दोन जोड. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणा आणि सगळ्यांना पुरेल एवढा आणा, कारण आजोबा आता त्यांची कॉफी घरीच ठेवून येतात. जिथे उभं करू तिथे उभे रहा. आणि भोंगा गप्प झाला की तुम्ही पण गप्प.